तिसऱ्या टाकीतली कोरडी वाइन

२ फेब्रुवारी

आजपासून मुक्काम मळ्यावर. यवतमाळचं घर भाड्याने दिलं, कपाटं टेम्पोत घातली आणि आर्णीच्या अलीकडे, अरुणावतीच्या काठच्या या मळ्यात येऊन पडले. जिल्हा परिषदेतल्या निरोपसमारंभात सगळे विचारत होते, मॅडम, आता पुढे काय? मी म्हटलं, नवऱ्यासोबत राहणार. लोक हसले. मी विनोद केला नव्हता. हे सिंचन खात्यातली नोकरी सोडून इथे आले, त्याला बरीच वर्षं झाली. माझी नोकरी, आमच्या गौरीचं शिक्षण, म्हणून मी यवतमाळला. शनिवारी भेट, सोमवारी निरोप.

यांनी कापसा-तुरीच्या मुलखात द्राक्षं लावली तेव्हा अख्ख्या गोतावळ्याने नावं ठेवली. यांनी ती वेलीवरच पार सुरकुतेपर्यंत ठेवली आणि त्यांची गोड पांढरी वाइन केली. आता नागपूरचे लोक ती मागून नेतात. बाभुळगावच्या माझ्या बहिणीला मात्र मी अजूनही ‘ज्यूसचा कारखाना’ असंच सांगते. मी स्वतः कधी घोटभरही घेतलेली नाही.

दिवाळीत यांना मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून हे गप्पगप्पच आहेत. आज मी टेम्पोतून उतरले तर हे म्हणाले, “आलीस? बरं झालं.” आणि कपाट उतरवायला गेले. बस, एवढंच.

९ फेब्रुवारी

पिठल्यात मीठ दोनदा पडलं. मला कळलं नाही, कारण हे आधी जेवायला बसले. दोन भाकरी खाल्ल्या. विचारलं, कसं झालंय? म्हणाले, “चांगलं आहे.” नंतर मी घास घेतला तो घशाखाली उतरेना.

हाच माणूस पूर्वी अंगणातून ओरडायचा, “शोभा, फोडणीत हिंग करपला!” तेव्हा राग यायचा. आज वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. एखाद्या पाहुणीला म्हणावं तसं ‘चांगलं आहे’ म्हणतात. इतकी वर्षं वेगळी चूल केली की माणसं परकी होतात का?

२२ फेब्रुवारी

तोडणी सुरू. उन्हं चढायच्या आत आटपावं लागतं. तांड्यावरच्या बाया येतात, त्यांची म्होरकी जमनाबाई. तिचा नवरा देवीलाल वायनरीतलं सगळं पाहतो. तिने मला द्राक्षाचा घड हातात देऊन शिकवलं, कोणता घ्यायचा, कोणता राहू द्यायचा.

“ताई, म्हातारीच्या गालावानी दिसला का तोडायचा.”

“माझ्या गालासारखा?”

“ए याडी, ए माय! तुमचा तं अजून कच्चा हाय.”

खूप दिवसांनी पोटभर हसले. हे लांबून पाहत होते. वाटलं, येतील, विचारतील कशाला हसता. आले नाहीत.

३ मार्च

सकाळी वेलींकडे चक्कर मारून परत आले तर दारातच गॅसचा भपकारा. चहा उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस तसाच चालू, आणि हे तिथेच खुर्चीत पेपर वाचत बसलेले. मी धावत जाऊन रेग्युलेटर फिरवला, खिडक्या उघडल्या.

“अहो, लक्ष कुठे असतं तुमचं? जीव गेला असता!”

यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग हळूच म्हणाले, “माफ कर.” लग्नानंतर हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. उलट मलाच वाईट वाटलं. म्हटलं, होतं एखाद वेळी.

दुपारी हे आर्णीला गेले आणि विजेची शेगडी घेऊन आले. म्हणे, पुसायला सोपी असते. माझ्या सोयीचा एवढा विचार हे करतील, असं वाटलं नव्हतं.

११ मार्च

हे काम आता मला थोडं समजायला लागलंय. रस टाकीत भरला की यीस्ट त्यातली साखर खायला लागतं आणि त्याची वाइन होते. सगळी साखर खाऊ दिली तर वाइन कोरडी होते. आपली गोड हवी, म्हणून साखर अर्धवट उरली असतानाच टाकी एकदम गार करायची. याला इथे ‘टाकी बंद करणं’ म्हणतात. एक दिवस आधी केली तर पाक, एक दिवस उशिरा केली तर गोडी गेली. साखर मोजायला काचेचा तरंगता काटा आहे, पण हे दरवर्षी वासावर आणि जिभेवर ठरवतात. त्यावर तर यांचं नाव झालं.

पहिल्या दोन टाक्या या आठवड्यात बंद झाल्या. गंमत म्हणजे देवीलाल आधी काटा बघायचा, यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा, मग हे पेला तोंडाला लावून म्हणायचे, “बंद कर.” मला वाटलं, माणूस म्हातारपणी सावध होतो.

तिसरी टाकी उशिरा भरली, ती अजून चालू आहे. देवीलाल आणि जमनाबाई आज फुलसावंगीला भाचीच्या लग्नाला गेले. जाताना तो यांना दोनदा म्हणाला, “साहेब, काटा पाहत जा बरं. इसरू नका.”

“तू जा रे,” हे म्हणाले. “टाकी काय मी पहिल्यांदा पाहून राह्यलो?”

१५ मार्च

आजचा दिवस किती छान गेला! हे सकाळी टाकीवरून आले ते शीळ घालत. म्हणाले, “शोभा, तिसरीत अजून गोडी आहे. भरपूर आहे. जिभेवर अशी बसली, मधासारखी.” डोळे चमकत होते. मग म्हणाले, आज वांग्याचं भरीत कर, चुलीवर भाजून. जेवताना मान डोलवत होते. “धुराचा वास बघ कसा लागला आहे!”

मी घाईत वांगं शेगडीवर भाजलं होतं, त्या विजेच्या. पण एवढ्या खुशीत होते की मी काही बोलले नाही.

नंतर मी टाकीशी गेले तर काटा डब्यातच होता. जुन्या हाताला काटा कशाला लागतो?

१८ मार्च

देवीलाल आला आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी टाकीकडे गेला. मी अंगणात ज्वारी निवडत होते, दार उघडं होतं.

“साहेब, हे तं पुरी कोरडी झाली. साखर सारी खाऊन टाकली ना!”

काट्याचा डबा उघडल्याचा आवाज आला.

“काटा नाही पाह्यला काहून? दोन दिवस आधीच बंद करा लागत होती.”

“मला माहीत आहे.” हे म्हणाले. “ठरवूनच केली. या वर्षी एक कोरडी करून पाहायची होती.”

देवीलाल बाहेर आला, माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करून निघून गेला. हे मात्र आतच बसून राहिले. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. ठरवून केली तर चेहरा असा का? आणि मला आधी का नाही सांगितलं? सल्ला नका घेऊ माझा, पण कानावर तरी घालाल.

तिसरा हिस्सा माल या एका टाकीत आहे. नागपूरच्या दुकानाने सगळी गोडच सांगितलीय. ते कोरडी घेणार नाहीत, एवढं मलाही कळतं.

२० मार्च

आज मी वाइन प्यायले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

संध्याकाळी यांनी तिसऱ्या टाकीतला पेला माझ्यापुढे धरला. “घे. बघ.”

“मी? मला काय कळतंय त्यातलं?”

“म्हणूनच. तुझं नाक कोरं आहे. जे वाटेल ते सांग.”

नाकाशी नेला तर पिकल्या पेरूचा आणि मधाच्या पोळ्याचा वास. मला वाटलं, आता तोंडात साखर येणार. आणि आलं भलतंच. गोडी कुठेच नाही. स्वच्छ, थोडं तुरट, भिजल्या दगडासारखं, आणि गिळल्यानंतर पुन्हा तो मध, पण आता फक्त आठवणीपुरता. मी हे असंच सांगितलं. मला लाज वाटत होती, पण हे एकेक शब्द कानात साठवत होते.

“दगड म्हणजे कसा? नदीतला की फरशीचा?”

“नदीतला.”

“आणि कडू?”

“नाही. अजिबात नाही.”

यांनी मोठा श्वास सोडला. “मग वाईट नाही,” म्हणाले. स्वतःच्या वाइनबद्दल असं विचारतात, जणू लांबच्या गावची खबर विचारावी.

५ जुलै

तिसऱ्या टाकीच्या बाटल्या भरल्या. आता रोज संध्याकाळी आमचा वर्ग भरतो. हे एक पेला देतात, मी वास सांगायचा, चव सांगायची. हे डोळे मिटून ऐकतात. मी चुकले तरी कधी चूक म्हणत नाहीत. गौरीला फोनवर सांगितलं, तुझे बाबा मला शिकवताहेत. ती पुण्याहून म्हणाली, “बाबा स्वतः काय म्हणतात चवीबद्दल?” मी विचार केला. काहीच म्हणत नाहीत. चांगला मास्तर आधी विद्यार्थ्याला बोलू देतो.

खरं सांगायचं तर या अर्ध्या तासासाठी मी दिवसभर थांबते.

२३ ऑगस्ट

आजचं आजच लिहून ठेवायला हवं.

नागपूरचा कपिल आला होता, ज्याच्या दुकानात आपली वाइन जाते. सोबत त्याचे चार पाहुणे. वरांड्यात टेबल मांडलं. यांनी कोरडीची पहिली बाटली फोडली. कपिलने एक घोट घेतला, पेला पुन्हा नाकाशी नेला. मग म्हणाला, “साहेब, गोड करणाऱ्याच्या हातची कोरडी मी क्वचितच पाहतो, आणि अशी तर पाहिलीच नाही. वास खोटं बोलतो आणि जीभ खरं सांगते. सगळी मलाच द्या. पण एक सांगा, ही टाकी बंद करायची नाही, हे कसं ठरवलं?”

“अनुभव,” हे म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग दुसरी बाटली. यजमानाने आधी चाखायची, मग पाहुण्यांना ओतायची. यांनी पेला फिरवला, नाकाशी नेला, घोट घेतला. “उत्तम.” आणि कपिलच्या पेल्याकडे बाटली वळवली.

मी शेजारीच होते. यांच्या पेल्यातून ओल लागलेल्या गोणपाटासारखा वास येत होता. बूच खराब निघालं की असं होतं, हे यांनीच मला शिकवलं होतं. मी यांच्याकडे पाहिलं. वाटलं, गंमत करताहेत. पण चेहऱ्यावर तेच होतं जे पिठलं खाताना होतं. ‘चांगलं आहे.’

आणि तेव्हा मला कळलं. त्या एका क्षणात सगळं कळलं. पिठलं, गॅस, भरीत, रोजचा वर्ग.

मी यांच्या हातातून बाटली घेतली. “ही राहू द्या. सकाळपासून उन्हात राहिली माझ्या हातून. दुसरी आणते.”

कपिल म्हणाला, “असू द्या ना काकू, चालेल.” मी म्हटलं, “आमच्याकडे नाही चालत.”

हे माझ्याकडे बघत राहिले. 

२४ ऑगस्ट

सकाळी यांनीच विषय काढला. आम्ही नदीकडच्या बांधावर बसलो होतो. पाऊस थांबून पाणी गढूळ झालं होतं.

“दिवाळीच्या तापात गेलं,” म्हणाले. “वास आणि चव, दोन्ही. जिभेला गरम-गार कळतं, झोंबलेलं कळतं. बाकी काही नाही. वाटलं, येईल महिनाभरात.”

“देवीलालला माहीत होतं.”

“त्याला सांगावंच लागलं. टाक्या कोण बंद करणार?”

“जमनाबाईला?”

“त्याला माहीत म्हणजे तिला माहीत.”

“म्हणजे तांड्यावर माहीत, आणि घरात नाही.” मला रडू यायला हवं होतं, पण राग येत होता. “मला काहून नाही सांगितलं?”

हे पाण्याकडे पाहत म्हणाले, “तू आत्ता कुठं राहायला आलीस, शोभा. एवढी वर्षं सोडून. वाटलं, जिच्यासाठी थांबलो, तिला माणूस तरी पुरा मिळावा.”

मी म्हटलं, “आणि तिसरी टाकी?”

तेव्हा यांचा आवाज फिरला. “ती ठरवून नव्हती केली. देवीलाल नव्हता. मी पेला घेतला आणि मला गोडी लागली. खरंच लागली. इतक्या वर्षांची सवय, डोक्याने आपोआप भरली असेल. मला वाटलं, परत आलं. काटा पाहायचा नव्हता मला. काट्याने नाही म्हटलं असतं तर?”

मग म्हणाले, “तीन-चार दिवस होता माझ्याकडे तो वास. खोटा का होईना. भरीत काय लागलं होतं त्या दिवशी.”

ते वांगं विजेच्या शेगडीवर भाजलं होतं, हे मी आजही सांगितलं नाही. कधीच सांगणार नाही.

राग अजून आहे. पण बांधावरून उठताना यांनी हात पुढे केला आणि मी तो धरला. घरापर्यंत सोडला नाही. वाटेत जमनाबाई दिसली. तिने लाजून तोंडावर पदर घेतला.

१० सप्टेंबर

गौरीने नंबर मिळवून दिला, नागपूरला नाक-कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, येईल, किंवा येणार नाही. रोज सकाळी लवंग, लिंबू, कापूर असं हुंगायचं, मन लावून. हे तसं करतात. अजून काही नाही.

येताना हे म्हणाले, कपिलच्या दुकानात थांबू. मला वाटलं, हिशोबाचं काही असेल. यांनी काउंटरवर हात ठेवून सरळ सांगितलं. “कपिल, ती कोरडी चुकून झाली. मला वास येत नाही. त्या दिवशी ती खराब बाटली मी तुला पाजणार होतो. हिने वाचवलं. आता तुला ठेवायची की परत करायची, तू ठरव.”

मी कपिलचा चेहरा पाहत होते. सगळं त्या चेहऱ्यावर अवलंबून होतं, इतक्या वर्षांचं नाव, वेली, देवीलालचं घर.

त्याने दुकानातल्या पोराला चहा सांगितला. मग म्हणाला, “साहेब, झाली ती झाली, ती तर मी विकूनही बसलो. लोक परत मागून राह्यले. मला पुढच्या वर्षीचं सांगा. नाक कुणाचं राहील?”

यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला विचारलं सुद्धा नाही!

एसटीत मी भांडले. “मला जमणार नाही. सहा महिन्यांत कुणी शिकतं का?” हे म्हणाले, “मला तर सहा वर्षांनी जमलं. आणि मला कुणी रोज संध्याकाळी बसवून विचारत नव्हतं.”

बाभुळगावला बहिणीला फोन करून सांगितलं, ज्यूस नाही, वाइन आहे. ती म्हणाली, “माहीत आहे, जावई दोन बाटल्या घेऊन आला होता.”

४ मार्च

खूप महिन्यांनी लिहितेय. कामच इतकं होतं. यंदा दोन टाक्या गोड, तिसरी कोरडी, आणि या खेपेला खरोखर ठरवून.

पहिली टाकी चार दिवसांपासून माझ्या डोक्यावर बसली आहे. सकाळी चाखते, दुपारी चाखते. देवीलाल काटा सांगतो, पण आकडा एवढंच सांगतो की साखर किती आहे. वाइन तयार झाली की नाही, ते नाही सांगत. काल वाटलं, आज बंद करावी. मग वाटलं, नको, अजून पाकच आहे. यांना विचारलं तर म्हणाले, “मी काय सांगू? तूच सांग मला.” झोपेतही मी टाकीच चाखत होते.

आज सकाळी झाकण उघडलं. पेला भरला. वासात पाक नव्हता, फुलं होती. तांड्यावरच्या मोहाखाली पहाटे येतो तसा, जड आणि ओला. तोंडात गोडी आली, मग तिच्यामागून आंबट आलं आणि तिला धरून उभं राहिलं. काल हे आंबट नव्हतं. उद्या गोडी कमी झालेली असेल.

“बंद करा,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

देवीलालने सवयीने यांच्याकडे पाहिलं.

“माझ्याकडं कायले पाहून राह्यला?” हे म्हणाले. “बाईंनी सांगितलं ना.”

देवीलालने टाकीभोवतीच्या नळ्यांत गार पाणी सोडलं. टाकीच्या अंगावर दव धरायला लागलं. मी तिथेच उभी होते. चुकलं असेल तर? चुकलं तर चुकलं, कळेल जुलैमध्ये, बाटल्या भरताना.

घरी येऊन चहा केला. पेला यांच्या हातात दिला, तर हे म्हणाले, “काय काय घातलं, ते सांग.”

“कशाला?”

“सांगत जा. मग तसं लागतं.”

म्हटलं, “साखर एक चमचा. गवती चहा. आणि आलं.”

यांनी घोट घेतला. डोळे मिटले. बराच वेळ तोंडात फिरवला आणि मग भुवया वर चढल्या.

“आलं जरा जास्त झालं.”

मी माझा पेला तोंडाला लावला. खरंच जास्त झालं होतं.